ताटाचा सिनेमा

गिरगावातल्या नाबरांच्या घरी सिनेमाला त्याच्या खऱ्या नावाने कधी कुणी ओळखलं नाही. परदेशी नावं जिभेवर बसत नाहीत, आणि त्यांची इंग्रजी भाषांतरं इथून तिथून सारखीच. सगळीकडे आपलं मौन, सावली नाहीतर हिवाळा. म्हणून ‘मेंढ्यांचा’, ‘गळक्या नळाचा’, ‘टोपीवाल्या बाईचा’ एवढं म्हटलं की नवरा-बायकोला पुरत असे. गेली चाळीसेक वर्षं दोघंही फिल्म सोसायटीत. कालिंदीबाई सभासद आणि अप्पा सेक्रेटरी. हा फरक मोठा होता. सिनेमा सुटला की अप्पा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहत आणि खाली घुटमळणाऱ्या पाच-सात जणांना त्यांनी आत्ता काय पाहिलं ते समजावून सांगत. कालिंदीबाई खाली पिशवी धरून उभ्या. त्यांना कुणी मत विचारत नसे. त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नसे. विमा कंपनीतली नोकरी, घर आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी यांतून मत बाळगायला सवड कुणाला होती?

मग काचबिंदूने अप्पांची नजर नेली. एकदम नाही, कडेकडेने आत सरकत. आता त्यांना खिडकी कुठे आहे तेवढं कळतं, खिडकीत काय आहे ते कळत नाही. अप्पांनी तक्रार केली नाही. तक्रार करणं त्यांना हलक्या अभिरुचीचं वाटतं. सोसायटीचं काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवलं, काठी हातात घ्यायला साफ नकार दिला, आणि एका संध्याकाळी कपडे करून बसलेल्या बायकोला म्हणाले, “मी येऊन काय करू? तू जाऊन ये. आणि मला सांग.”

तेव्हापासून, म्हणजे तीन वर्षं, अप्पांचा सिनेमा कालिंदीबाईंच्या तोंडून चालू आहे. चहाचे कप घेऊन दोघं समोरासमोर बसतात. अप्पांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “उजेड कुठून येतोय?” मग माणसं, मग त्यांच्या अंगावरचे कपडे, मग कोण कुणाकडे बघत नाही ते. गोष्ट शेवटी. सांगून झालं की अप्पा डोळे मिटतात (मिटायची गरज नसते, पण सवय) आणि आपलं मत देतात. मत हे त्यांचं खातं. कालिंदीबाई त्यात लुडबूड करत नाहीत.

त्यांच्या शब्दावर एका माणसाचा सगळा सिनेमा उभा आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्याचा थोडा अभिमानही होता. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही एवढंच.

यंदा हिवाळ्यात दादरला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, आणि त्याच्या प्रेक्षक-ज्युरीसाठी सोसायटीकडे एक नाव मागितलं गेलं. नेहमीप्रमाणे सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी कालिंदीबाईंचं नाव दिलं. “डोळे तेच आहेत, नाव तेवढं बदललं,” असं ते आल्यागेल्याला सांगत. शेजारच्या प्रितीने अभिनंदन केलं तेव्हा तर म्हणाले, “हो, यंदा आम्ही ज्युरीवर आहोत.” कालिंदीबाईंनी तो ‘आम्ही’ ऐकला आणि पोह्यांत मीठ जरा जास्त पडलं.

ज्युरीत तिघं. सौमित्र हा शिवाजी पार्कचा दातांचा डॉक्टर. क्लिनिक सांभाळून वर्षाला तीनशे सिनेमे पाहतो आणि ते आपणहून सांगतो. नम्रता काळाचौकीची, बँकेत अधिकारी, शनिवार-रविवारी तिच्या भागातल्या एका क्लबात सिनेमे दाखवते, नंतर त्यावर बोलते, आणि लोक तिला घाबरतात. आणि कालिंदीबाई. तिघांच्याही गळ्यात ओळखपत्रं आली, आणि बाहेर कुणाशी चर्चा करणार नाही अशा मजकुराखाली सह्या झाल्या. कालिंदीबाईंनी सही करताना मनात ठरवून टाकलं की नवऱ्याला सांगणं म्हणजे काही बाहेर नव्हे.

सिनेमे सुरू झाले. पहिला फिनलंडचा. बर्फ, एक म्हातारा आणि एक कुत्रा. म्हातारा सगळ्या सिनेमात मिळून चार-पाच वाक्यं बोलतो, आणि तीही कुत्र्याशी. अप्पांनी विचारलं, “मग कुत्र्याचं काय म्हणणं?” दुसरा ट्युनिशियाचा, लग्नघरातला. अंगणभर बायका, प्रत्येकीचा दुसरीवर आवाज चढलेला, आणि नवरीची आई गाद्या मोजते आहे. कालिंदीबाईंना अगदी माहेरी गेल्यासारखं वाटलं. कोरियाचा एक, त्यात सगळे सारखे जेवत होते. मध्यंतर नसल्यामुळे त्यांना तो सहन झाला नाही. पोर्तुगालचा एक पावणेतीन तासांचा, समुद्राकडे पाहून बोलणाऱ्या माणसाचा. त्यात सौमित्र पाठ ताठ ठेवून झोपला. दिवे लागल्यावर ‘काय ध्यानस्थ केलं मला,’ म्हणाला. नम्रताने कालिंदीबाईंकडे पाहिलं, दोघींनी हसू दाबलं, आणि तेव्हापासून दोघींचं जमलं.

हंगेरीचा एक होता. पहाटेची बस डेपोतून निघते आणि शहर ओलांडून दुसऱ्या डेपोत पोहोचते, आणि कॅमेरा दीड तास एकदाही थांबत नाही. सौमित्र बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला, म्हणाला, “एक कट नाही, मॅडम. एक!” कालिंदीबाईंना सबंध वेळ कॅमेरा उचलणाऱ्या माणसाच्या गुडघ्यांची काळजी वाटत होती. याच सिनेमात मध्येच खालची इंग्रजी अक्षरं नाहीशी झाली आणि बसमधल्या एका बाईचं ड्रायव्हरशी चाललेलं मोठं भांडण कुणालाच कळलं नाही. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, “ती काय म्हणाली त्याला?” कालिंदीबाई सहज म्हणाल्या, “म्हणाली, तुम्ही आदल्या स्टॉपवर माझ्याकडे बघून गाडी पुढे नेलीत.” अप्पांनी मान हलवली. चहा घेता घेता कालिंदीबाईंच्या लक्षातही आलं नाही की हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग उरुग्वेचा आला. समुद्राकाठचं गाव, दोन बहिणी, एकच घर. बापाच्या पाठी घरावरून बिनसलेलं, बोलणं कित्येक वर्षं बंद. मधे एक मोठं कपाट आडवं ओढून घराचे दोन भाग केलेले. धाकटीला झटका येतो, उजवी बाजू लुळी पडते. थोरली कपाट सरकवते. रोज स्वयंपाक करते, धाकटीसमोर ठेवते आणि आपल्या भागात निघून जाते. माफी नाही, मिठी नाही. शेवटही तोच, जेवण ठेवणं. कालिंदीबाई बाहेर आल्या. नम्रता काहीतरी विचारत होती. त्या म्हणाल्या, उद्या बोलू, आणि तडक घरी आल्या.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते तीन वर्षांतलं सगळ्यात चांगलं. अप्पांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही. शेवटाकडे येताना कालिंदीबाईंचा आवाज बारीक झाला. “थोरली ताट ठेवते. जायला वळते. मग परत वाकते आणि ताट जरासं फिरवते, म्हणजे मांसाचे कापलेले तुकडे धाकटीच्या चांगल्या हाताशी येतील. आणि जाते. दाराचा आवाज. संपलं.”

अप्पांनी डोळे मिटले. मग म्हणाले, “झालं. तिला आता बोलायची गरज नाही. सगळं बोलून झालं तिचं.” आणि थोड्या वेळाने, “हा ताटाचा सिनेमा. यालाच मिळालं पाहिजे. तू अडून बस.”

शेवटच्या दिवशी सकाळी थिएटरच्या वरच्या खोलीत तिघांची बैठक बसली. बटाटेवडे आले, चहा आला. बाकीचे सिनेमे पहिल्या वड्याबरोबर गळाले आणि दोन उरले. सौमित्रची बस आणि दोघींच्या बहिणी.

“मी बहिणींना देते,” नम्रता म्हणाली. “काय डेरिंग आहे त्या बाईचं! एंडला पण सॉफ्ट नाही होत. सेवा करेन, पण माफ नाही करणार. असं आपल्याकडे कोण दाखवेल? आपल्याकडे लगेच रडारड.”

कालिंदीबाईंना ते खटकलं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जणू अप्पांच्या वरच्या पायरीवर उभ्या होत्या, आणि त्यांना ते छान जमलं. त्या म्हणाल्या, माफ केलं आहे की तिने. शब्दाने नाही केलं, हाताने केलं. ते ताट फिरवणं काढून टाका, मग हा सिनेमा नुसता दोन हट्टी बायकांचा उरतो. सगळा सिनेमा त्या एका हालचालीसाठी केलेला आहे.

नम्रता आणि सौमित्र एकमेकांकडे पाहायला लागले.

“कुठली हालचाल, काकू?” नम्रताने विचारलं.

“शेवटची. ताट फिरवते ती.”

“फिरवत नाही. ठेवते आणि जाते.”

“अगं, वाकते परत. मी पाहिलंय.”

सौमित्रने हात पुसले. “मॅडम, सॉरी, पण त्या डिशला कुठली आली डावी-उजवी? मटण आणि बटाटे एकत्र घातलेत. ती फिरवून करणार काय?” त्याचा आवाज मऊ होता, रुग्णाला दात काढावा लागेल असं सांगतानाचा असावा तसा.

नम्रताने लॅपटॉप उघडला. सिनेमाची लिंक ज्युरीला दिलेली होतीच. शेवटचा भाग लावला आणि तिघंही वाकून पाहायला लागले. थोरली आली. बशी ठेवली. वळली आणि गेली. दार वाजलं. धाकटीने डाव्या हाताने काटा उचलला. पडदा काळा.

“परत लाव,” कालिंदीबाई म्हणाल्या.

नम्रताने परत लावला. थोरली आली, बशी ठेवली, गेली.

“तुमचा सीन मस्त आहे, काकू,” नम्रता हळूच म्हणाली. “पण तो पिक्चरमध्ये नाही.”

कालिंदीबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. साठी उलटलेली बाई, गळ्यात ओळखपत्र, आणि न पाहिलेली गोष्ट छातीठोकपणे सांगते आहे. त्यांना खरोखर लाज वाटली. लाज ओसरायच्या आतच ते ताट कुठलं होतं, ते त्यांना कळलं.

ताट त्यांच्याच घरचं होतं. स्वयंपाकघरातून वाढून आणताना आमटीची वाटी त्या आपल्या अंगाकडे धरतात, हिंदकळू नये म्हणून. त्यामुळे अप्पांच्या पुढ्यात ठेवलं की ताट उलटं येतं, आणि मग त्या ते अर्धं फिरवतात. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी आणि आमटी. अप्पांचा हात बरोबर जातो. कुणी जेवायला असलं की अप्पा सांगतात, “माझं काही अडत नाही. आपल्या लोकांनी ताट वाढायची पद्धतच अशी घालून ठेवली आहे की आंधळासुद्धा जेवेल.” पाहुणे पद्धतीचं कौतुक करतात. कालिंदीबाई पोळी वाढायला आत जातात. फिरवताना ताटाचा आवाज होत नाही, त्यामुळे ते अप्पांना कधी कळलं नाही. आणि डोळस पाहुणेही बाई ताट ठेवत असताना तिच्या हाताकडे पाहत नाहीत.

“मॅडम, मग तुमचं मत बदलतं का?” सौमित्रने विचारलं. त्याला आपली बस जिंकताना दिसत असावी.

“एकदा लाव गं अजून,” त्या नम्रताला म्हणाल्या.

तिसऱ्यांदा त्यांनी थोरलीचा चेहरा पाहिला. त्यात राग नव्हता, दया नव्हती. काम झालं होतं आणि ती निघाली होती. आपण ठेवलं, आता तिचं ती बघेल. मागे वळून न पाहता ती बाई जाऊ शकत होती, याचा कालिंदीबाईंना हेवा वाटला. तो इतका सरळ आणि इतका मोठा होता की त्या स्वतःच चपापल्या.

“नाही बदलत,” त्या म्हणाल्या. “पण नम्रताचं कारण लिहा. माझं खोडा.”

दोन विरुद्ध एक असा निकाल झाला. सौमित्रने दिलखुलास हात मिळवला आणि उरलेला वडा खाल्ला.

दादरहून गिरगावपर्यंत बसमध्ये त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. अप्पांना सांगायचं की नाही? न सांगितलं तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं. सिनेमा जिंकला होता, अप्पांचाही आणि त्यांचाही. अप्पा काही तो पुन्हा पाहणार नव्हते. पण एक सांगितलं तर तीन वर्षांचं सगळंच सैल होणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. प्रार्थना समाजच्या स्टॉपवर उतरल्या तेव्हाही काही ठरलेलं नव्हतं.

अप्पा जेवायचे थांबले होते. “निकाल लागला?” त्यांनी चपलांचा आवाज ऐकूनच विचारलं.

“लागला. ताटाचा.”

अप्पांनी मांडीवर थाप मारली. “म्हटलं नव्हतं मी? एक हालचाल, आणि सगळा सिनेमा तिच्यात!” हाताशी ठेवलेला फोन त्यांनी उचलला, सोसायटीच्या जुन्या माणसांची नावं त्यात बोलून लावता येत होती. “सगळ्यांना कळू दे. शेवटचा प्रसंग मी सांगतो त्यांना, पाहिलेल्यांच्यासुद्धा लक्षात आला नसेल.”

“फोन ठेवा आधी,” कालिंदीबाई म्हणाल्या.

“का?”

“ती ताट फिरवत नाही. ठेवते आणि जाते. मी आज तीनदा पाहिलं.”

अप्पांनी फोन ठेवला. त्यांना लागलं होतं. चेहरा दिसू नये म्हणून माणूस तोंड फिरवतो, तसे ते खिडकीकडे वळले.

“तू मुद्दाम सांगितलंस?”

“नाही हो. मला तसंच दिसलं होतं.”

“मग या तीन वर्षांत मी जे पाहिलं, ते सगळं...”

“बरंचसं होतं तसंच आहे.”

“बरंचसं म्हणजे किती?”

“आता मला सांगता येणार नाही,” त्या म्हणाल्या. रडायचं त्यांनी बाजूला ठेवलं. “बसमधल्या बाईचं भांडण माझं. तेवढं आठवतं.”

“ते चांगलं होतं,” अप्पा नाइलाजाने म्हणाले. इतकी वर्षं सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला खोटं बोलवलं नाही. मग पुन्हा कपाळाला आठी पडली. “पण हे ताट? हे कुठनं आणलंस?”

“इथनंच. मी फिरवते ना रोज.”

“काय फिरवतेस?”

“तुमचं ताट.”

“माझं कशाला? मला सापडतं सगळं. पद्धतीने वाढलेलं असतं.”

“पद्धतीने वाढलेलं असतं, पण आणताना उलटं येतं. मी फिरवते, म्हणून सापडतं.”

खाली वाडीत भंगारवाला ओरडत गेला. दोघांमध्ये जेवणाचं टेबल होतं आणि त्यावर कालिंदीबाईंचं ओळखपत्र पडलं होतं.

“वाढ,” अप्पा शेवटी म्हणाले. “आणि आज फिरवू नकोस.”

कालिंदीबाईंनी आमटी गरम केली, वालाची भाजी, कोशिंबीर, भात वाढला. नेहमीसारखी वाटी अंगाकडे धरून ताट आणलं आणि टेबलावर ठेवलं. बोटं कडेवरच राहिली. ती त्यांना उचलावी लागली. मग त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या.

अप्पांनी भाजीसाठी हात नेला, तो चटणीत गेला. त्यांनी बोट चाटलं. लिंबाच्या जागी आमटीची वाटी होती. तिला नख लागून थोडी आमटी सांडली. मीठ कुठेच नव्हतं. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि आपल्याच घरी त्याला जेवण सापडत नव्हतं. कालिंदीबाईंचे हात टेबलाकडे निघाले होते, ते त्यांनी ओढून मांडीवर घेतले आणि एकात एक अडकवले. असं बसणं त्यांना फार कठीण गेलं.

अप्पांनी हात मागे घेतला, पुसला, आणि मग दोन्ही हातांनी ताटाची कड चाचपली. ते फिरवायला लागले. हळूहळू, वाटी कलंडू नये म्हणून श्वास धरून. थोडं फिरवून थांबले.

“बरोबर आहे?” त्यांनी विचारलं.

“अजून थोडं,” कालिंदीबाई म्हणाल्या.